रात्री छबिना, सकाळी झेंडा

पौष पौर्णिमेला ग्रामदेवीची यात्रा भरणाऱ्या आमच्या भागातल्या गावांना काही वर्षी एक वेगळंच गणित सोडवावं लागतं. ही पौर्णिमा कधी जानेवारीच्या सुरुवातीला येते, कधी पार शेवटच्या आठवड्यात. २०२६ मध्ये ती ३ जानेवारीला होती, २०२७ मध्ये २२ ला आहे. २०२४ मध्ये मात्र ती २५ जानेवारीला आली. गुरुवारी रात्री छबिना, म्हणजे देवीच्या पालखीची मिरवणूक, आणि शुक्रवारी सकाळी प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन, मधे फक्त एक रात्र. तिथी आणि तारीख १९ वर्षांनी पुन्हा जुळतात, त्यामुळे २००५ मध्येही पौर्णिमा २५ जानेवारीलाच होती. त्याच दिवशी वाई तालुक्यात मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. सातारा जिल्ह्यात यात्रा कमिटी बैठकीला बसली की ते साल कुणीतरी काढतंच, आणि काढायलाच हवं.

पुढे लिहिलंय ते साधारण दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाच्या मापाने. सगळ्या नियोजनाचं मूळ एकच: यात्रेतली प्रत्येक वेळ गावकीच्या हातात असते, झेंड्याची वेळ नसते. म्हणून सुरुवात झेंड्यापासून करायची आणि तिथून मागे मोजत पालखीपर्यंत यायचं. कमिट्या नेमकं उलटं करतात. आधी छबिना, मग कुस्त्या, आणि उरलेल्या फटीत झेंडा. मग सकाळी सातला शाळेच्या मैदानावर पाळणेवाल्याचे पाइप पडलेले असतात.

२६ जानेवारीचा मुख्य शासकीय समारंभ सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी असतो आणि ८.३० ते १० या वेळात इतरांनी ध्वजवंदन ठेवू नये, अशा परिपत्रकी सूचना येतात. गावातले झेंडे त्यामुळे साडेआठच्या आत उरकावे लागतात. या दिवसांत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या थोडा आधी उगवतो. म्हणजे हातात जेमतेम सव्वा तास, आणि झेंडे तीन: जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, विकास सोसायटी. शाळेचा ७.३० ला, ग्रामपंचायतीचा ७.५५ ला आणि सोसायटीचा ८.१५ ला असा क्रम लावला तर मुलं रांगेने घोषणा देत एकीकडून दुसरीकडे जातात आणि कुठेच ताटकळत नाहीत. ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) दोन गावं असतील तर पलीकडच्या गावाशी आधी बोलून घ्यावं लागतं, नाहीतर दोन्ही गावं ७.५५ च धरून बसतात.

आता मागे मोजू. साडेसातला शाळेचा झेंडा, तर सातला तो बांधून वर गेलेला हवा. त्याआधी साडेसहाला मैदान झाडून, पाणी मारून, फक्की (आखणीची पांढरी भुकटी) टाकून तयार हवं. म्हणजे मैदान आदल्या रात्री मोकळं पाहिजे. इथे खरी अडचण आहे, कारण गावात सपाट आणि मोठी जागा शाळेचीच असते आणि पाळणे, मौत का कुआं, खेळण्यांची दुकानं सगळी तिथंच लागतात. मोठा पाळणा उतरवायला अख्खी रात्र जाते. म्हणून पाळण्याला पहिल्यापासून दुसरीकडे जागा द्यायची. जानेवारीत शाळू (रब्बी ज्वारी) उभा असतो, त्यामुळे मोकळं रान सहजासहजी मिळत नाही. ऊस तुटून गेलेलं रान बघायचं. त्यातल्या सऱ्या मोडून, रोटर मारून, वर पाणी शिंपून रोलर फिरवायला चार-पाच दिवस लागतात, आणि मालकाला खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवर येणारं पुढचं पीक) राखायचा असेल तर तो रान देणार नाही, हे डिसेंबरातच विचारून ठेवायचं. शाळेच्या मैदानावर दुकानं लावायचीच असतील तर ती कुंपणाच्या कडेने, एकेरी रांगेत. ध्वजकट्ट्याभोवती चारी बाजूंना ३० फूट जागा फक्कीने आखून मोकळी ठेवायची. पावती फाडतानाच दुकानदाराला ही रेघ दाखवायची. एकदा ताडपत्री ठोकली की रेघेबद्दल बोलून उपयोग नसतो.

पालखीचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. एरवी छबिना जेवणं उरकून रात्री दहाला निघतो आणि पहाटे चारला देवळात येतो. उशीर वाजवणाऱ्यांमुळे होतो असा सगळ्यांचा समज आहे. खरा उशीर ओवाळणीत होतो. शंभर उंबरे धरले आणि दर दारात तीन मिनिटं धरली तरी पाच तास जातात. २०२४ ला आम्ही छबिना सातला काढला आणि दारोदार थांबणं बंद करून आळीवार थांबे ठरवले. बारा थांबे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, त्या आळीतल्या सगळ्या बायकांनी तिथंच ताटं घेऊन यायचं. तीन तास थांब्यांचे, दीड तास चालण्याचा. साडेअकराला पालखी देवळाच्या पायरीला लागली. म्हाताऱ्या बायकांना हे आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे: देवी दारात येणं आणि आपण चौकात जाणं यात फरक आहे. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्या दारात पालखी न्यायचीच, एवढी सवलत ठेवली की विरोध मावळतो.

स्पीकरला रात्री दहानंतर बंदी असते. वर्षातल्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपल्या यात्रेचा दिवस त्यात धरलेला नसतो. सातला निघालेल्या छबिन्याला ही अडचण शेवटच्या दीड तासापुरतीच येते, हा लवकर निघण्याचा आणखी एक फायदा.

पोलिसांचं आधी बघावं लागतं. एरवी यात्रेला ठाण्यातून चार-सहा माणसं येतात. २६ जानेवारीला मात्र सगळे तालुक्याच्या संचलनात आणि बंदोबस्तात अडकलेले असतात, आणि आदल्या रात्रीही कुणाला फार वेळ बाहेर ठेवत नाहीत. अर्ज महिनाभर आधी पोलीस पाटलांमार्फत द्यायचा आणि किती माणसं येणार हे लेखी मागायचं. आकडा दोन आला तर आपले स्वयंसेवक दुप्पट करायचे. तरुण मंडळाची पोरं भरपूर असतात, पण छबिन्यात तीच नाचतात. त्यामुळे दर्शनरांगेला आणि रस्त्याला नाचणारं पोरगं द्यायचं नाही. तिथं चाळिशीतली माणसं लागतात.

मांढरदेवीच्या दुर्घटनेत पायऱ्यांवर नारळाचं पाणी आणि तेल सांडून चिखल झाला होता, माणसं घसरली आणि मागून गर्दी येतच राहिली. पुढे वाटेवरच्या दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. आपलं देऊळ लहान असलं तरी घोटाळा तोच असतो: एकच दार, तेच यायचं आणि तेच जायचं, आणि नारळ नेमका उंबऱ्यावर फोडायचा. यावर उपाय महागडे नाहीत. नारळ फोडायला देवळापासून पन्नास पावलांवर दगड मांडायचा, त्याखाली वाळू पसरायची आणि पाणी जाईल असा छोटा चर काढायचा. दगडाजवळ एक माणूस कायम. तो नारळ फोडून अर्धी वाटी भाविकाच्या हातात देतो, ती वाटी आत देवीपुढे जाते. दिव्याचं तेल पायरीवर ओतू न देता आत ठेवलेल्या बुधल्यात घ्यायचं. बाहेर पडायला मागचं दार नसेल तर सभामंडपात बांबू बांधून एक बाजू येण्याची आणि एक जाण्याची करायची. बांबू छातीइतका उंच हवा. कमरेइतका असला की पोरं त्यावर बसतात आणि तो मोडतो. पायऱ्यांवर आणि पायऱ्यांपासून वीस फुटांत एकही दुकान नको, वडापावची गाडी तर नकोच. गॅसची शेगडी वापरणाऱ्या सगळ्या गाड्या एका ओळीत, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

आणखी एक धोका डोक्यावरचा. देवीच्या काठ्या पंधरा-वीस फूट उंच असतात, त्यावर निशाण आणि तुरा. त्या गल्लीतल्या विजेच्या तारांना लागतात. नाचवताना काठीवाल्याची नजर खाली जमिनीवर आणि तोल सांभाळण्यावर असते, वर नसते. वायरमनला पालखीचा मार्ग चालून दाखवायचा आणि कुठल्या वेळेत कुठला भाग बंद ठेवायचा हे कागदावर लिहून द्यायचं. बंद असताना उजेडाला जनरेटर. आकडे टाकून घेतलेली माळ असेल तर लाइन बंद आहे या समजुतीवर कुणीही हात लावू नये, कारण दुसऱ्या फेजवरून ओढलेली असू शकते. तात्पुरतं मीटर रीतसर मिळतं, त्याचे पैसे वर्गणीतून भरावेत.

याच काठ्यांचा झेंड्याशीही संबंध येतो. राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी त्याच पातळीवर दुसरं निशाण लावायचं नाही, असं ध्वजसंहिता सांगते. छबिना संपला की काठ्या टेकवून ठेवायची जागा बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीची भिंत हीच असते. सकाळी झेंडा वीस फुटांवर आणि शेजारी बावीस फुटांवर काठीचं निशाण, असं दृश्य दिसतं. काठ्या रात्रीच देवळाच्या आवारात उभ्या करायच्या. कमानीला लावलेल्या पताका आणि भगवे झेंडे काढायची गरज नाही, फक्त ध्वजस्तंभावरून किंवा त्याच्या दोरीला बांधून पताकांची माळ ओढू नये. हे दर वर्षी कुणीतरी करतंच, कारण खांब आयता सापडतो.

झेंड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथंच होतात आणि सगळ्या गावासमोर होतात.

वीस-पंचवीस फुटांच्या खांबाला १३५० बाय ९०० मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार बाय तीन फुटांचा झेंडा शोभतो. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ ठरलेलं आहे. ९०० बाय ६०० चा झेंडा एवढ्या खांबावर रुमालासारखा दिसतो. खादीचा झेंडा घ्यायचा असेल तर नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तो तयार होतो, आणि खादी भांडारातून मागवता येतो. २०२१ च्या डिसेंबरातल्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर शिवलेलाही चालतो. पॉलिस्टर हलक्या वाऱ्यावर चांगला फडकतो, खादी जड असते. जानेवारीच्या सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा खादीचा झेंडा खांबाला चिकटून लोंबकळतो. त्यात झेंड्याचा दोष नाही, नऊनंतर वारा सुटला की तो आपोआप उघडतो. ओढून-ताणून, काठीने वगैरे तो सरळ करायच्या भानगडीत पडू नये.

झेंड्याच्या शिवलेल्या पट्टीतून दोरी गेलेली असते. वरच्या टोकाला लाकडी गुल्ली, खाली फासा. गुल्लीची बाजू केशरी रंगाची. पहाटेच्या अंधारात, दोन तास झोप झालेल्या माणसाने बांधला तर उलटा लागतो तो इथेच. बॅटरी लावून गुल्ली हाताने चाचपायची आणि दुसऱ्या माणसाने मोठ्याने म्हणायचं, ‘केशरी वर’. हे पोरकट वाटतं, पण बांधणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नसते.

घडी घालायला स्वच्छ टेबल आणि त्यावर धुतलेली चादर. झेंडा पसरून लांबीत दुमडत आणायचा, मधे फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि मोकळ्या कडेकडून दोरीच्या बाजूला गुंडाळत यायचं. राष्ट्रीय दिवशी पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. पण ओंजळभरच, आणि कोरड्या. यात्रेमुळे झेंडूचे ढीग पडलेले असतात, त्यातली ओली, दवातली फुलं कुस्करून भरली तर पाकळ्या कापडाला चिकटतात, खाली पडतच नाहीत, आणि पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग राहतात. आदल्या दुपारी पाकळ्या सोडवून कागदावर सावलीत पसरून ठेवल्या की काम होतं.

गुंडाळीभोवती खालच्या दोरीचा एकच वेढा, आणि तिचाच फासा त्यात खोचायचा. टोक ओढून घ्यायचं नाही. खालून ओढलं की फासा सुटला पाहिजे. दुसरा वेढा दिला की फसलंच. सुती दोरी रात्रभर दवात राहिली तर फुगते आणि गाठ आवळते. नायलॉनची फुगत नाही, पण घसरते, आणि झेंडा वर जाताजाताच उलगडतो. आम्ही बारीक सुती दोरीच वापरतो, फक्त ती रात्री खांबावर न ठेवता कार्यालयात ठेवतो. खांबावर कप्पीतून ओवलेली साधी सुतळी राहू द्यायची, सकाळी तिला दोरी बांधून वर ओढून घ्यायची. कप्पीला आदल्या दिवशी तेलाचे दोन थेंब. रंगीत तालीम करायची तर झेंड्याने नाही, तेवढ्याच मापाच्या टॉवेलने. तोही पाकळ्या घालूनच, कारण पाकळ्यांनी गुंडाळी जाड होते आणि गाठ वेगळी बसते.

आता भंडारा, म्हणजे देवीची हळद. छबिन्यात पालखीवर भंडारा-खोबरं उधळतात आणि सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक माणसाच्या हाताला, नखांत, शर्टाच्या बाहीला हळद असते. तो हात झेंड्याला लागला की पांढऱ्या पट्ट्यावर बोटं उमटतात. मग कुणीतरी शहाणा साबण लावून डाग काढायला जातो आणि पिवळा डाग लालभडक होतो, कारण हळद साबणाच्या क्षाराने लाल पडते. डाग पडलेला झेंडा लावता येत नाही. म्हणून झेंडा बांधणारी दोन माणसं छबिन्यात उधळण करणार नाहीत असं आधीच ठरवायचं, आणि हाताशी दुसरा कोरा झेंडा ठेवायचा. खराब झालेला झेंडा फडकं म्हणून वापरायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. खाजगीत, आदराने जाळून नष्ट करायचा.

दोरी ओढल्यावर फासा सुटला की लगेच राष्ट्रगीत. ते ५२ सेकंदांचं आहे आणि मुलांकडून तेवढ्यातच म्हणून घ्यायचं. स्पीकरवर लावलं तर मुलं मागे पडतात, शिवाय रात्रभर चाललेल्या ॲम्प्लिफायरची बॅटरी त्याच वेळी उतरते. त्यानंतर राज्यगीत, मग संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन. वाचन सातवीतल्या मुलीने केलं तर ते स्पष्ट होतं, पुढाऱ्याने केलं तर भाषण होतं. गाठ सुटलीच नाही तर दोरीला हिसके देत बसू नये. गुंडाळी शांतपणे खाली घ्यावी, सोडवावी आणि उघडा झेंडा वर चढवावा. लोक थांबतात, कुणी हसत नाही. हसू येतं ते हिसके देताना.

मुलांच्या खाऊचा प्रश्न यात्रेमुळे सुटतो. २६ जानेवारीला आमच्याकडे जिलेबी पाहिजेच, आणि यात्रेला हलवाई आलेलेच असतात. एरवी ते छबिना झाला की पहाटे गाशा गुंडाळून पुढच्या यात्रेला जातात. जागाभाड्यात सूट देऊन एकाला थांबवून घ्यायचं. मुलाला १०० ग्रॅम धरली तर दोनशे मुलांना २० किलो, वर गावातले पाहुणे धरून ३०. पीठ त्याने रात्रीच भिजवलेलं असतं. त्याच्याकडे मागच्या दुकानाचं भजी तळलेलं तेल नाही ना, हे बघायचं. वाटायला पत्रावळीचे द्रोण आणायचे, वर्तमानपत्राचे तुकडे नकोत.

महाप्रसाद आदल्या दुपारी. हजार माणसांना तांदूळ ९० किलो, आमटीला तूरडाळ २५ किलो, खिरीला कांडून कोंडा काढलेले गहू ३० किलो आणि गूळ ३५ किलो, नारळ ३०. गहू रात्रभर भिजवून काहिलीत तीन-चार तास शिजवायचे, आणि दाणा बोटांनी सहज चेपेपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गूळ आधी पडला की दाणा आहे तसाच कडक राहतो, मग कितीही जाळ घाला. नारळाचं दूध शेवटी, खीर चुलाणावरून उतरल्यावर, नाहीतर फाटतं. खीर संध्याकाळपर्यंत टिकते. आमटी टिकत नाही. उरलेली आमटी मोठ्या पातेल्यात झाकून सकाळी मुंबईकर पाहुण्यांना वाढायचा मोह टाळावा. पातेल्याच्या मधली उष्णता रात्रभर निघत नाही आणि ती आंबते. वरून वासही येत नाही. २०२४ ला २६ तारीख शुक्रवारी होती, पुढे शनिवार-रविवार. एरवी छबिना बघून रात्रीच्या गाडीने परतणारी मंडळी तीन दिवस राहिली. तेवढी जास्तीची चूल धरूनच ठेवावी.

पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम. पाच हजाराच्या टँकरला २५ ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टँकरमध्ये ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायची चाचणी) पिवळा रंग आला तरच तोटी उघडायची. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीत दम उरलेला नसतो, तिने रंग येत नाही. नवीन पोतं यात्रेच्या आठवड्यात आणायचं. हजार माणसांच्या पंगतीला पिण्याचं आणि हात धुण्याचं मिळून तीन हजार लिटर लागतं.

ग्रामसभेचं बघू. २६ जानेवारीला ग्रामसभा असते आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नेहमीच्या रिवाजाने २५ ला ठेवली तर यात्रेच्या ऐन दिवशी येते, नैवेद्य सोडून एकही बाई येणार नाही. २३ किंवा २४ ला घेऊन टाकावी. मुख्य सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे. गणपूर्तीला एकूण मतदारांचे १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या लागते. यात्रेमुळे माणसं गावात असतात, पण यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे खाऱ्या नैवेद्याचा दिवस. दहानंतर प्रत्येक घरात मटण शिजायला पडतं आणि अकरानंतर सभेत कुणी बसत नाही. म्हणून सभा दहाला सुरू करायची आणि यात्रेचा विषय शेवटी ठेवायचा. तो आधी घेतला की त्यावरच भांडण होऊन लोक उठून जातात, घरकुलाची यादी तशीच राहते. पुण्या-मुंबईहून आलेल्यांचा आवाज सभेत सगळ्यात मोठा असतो. बोलू द्यावं, पण हजेरी वहीत सही घेताना मतदार यादी समोर ठेवावी.

कुस्त्यांचं मैदान दुपारी तीनला. २६ ला ड्राय डे असल्याने मैदान एरवीपेक्षा शांत जातं, ही या जुळणीतली एक चांगली बाजू. ३० बाय ३० फूट जागा फूटभर खोल नांगरून दगड-खडे वेचायचे, वर चाळलेली तांबडी माती दोन ब्रास (दोनशे घनफूट), म्हणजे अडीच-तीन इंचांचा थर बसतो. पाणी आदल्या दिवशी सकाळी शिंपायचं आणि संध्याकाळी पुन्हा फणायचं. कुस्तीच्या दिवशी सकाळी पाणी मारलं तर ढेकळं होतात आणि पाय मुरगळतात. मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात, मोठ्या इनामाच्या शेवटी. जोड लावणारे पंच गावाबाहेरचे असलेले बरे. पन्नास कुस्त्या कबूल केल्या की अंधार पडतो आणि मानाची कुस्ती बल्बच्या उजेडात, डाव न दिसता होते. पस्तीसवर थांबावं.

नेमकी त्याच वेळेला, सव्वासहाच्या सुमारास, ग्रामपंचायतीचा झेंडा उतरवायचा असतो. घरांवर आणि उघड्यावर दिवस-रात्र झेंडा ठेवायची मुभा २०२२ पासून आहे, पण आमच्याकडे कार्यालयाचा झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा रिवाज पाळतात, आणि त्या वेळी अख्खं गाव मैदानावर असतं. शिपाईसुद्धा. हे काम कुस्ती न बघणाऱ्या दोघांच्या नावावर लिहून ठेवायचं. सावकाश उतरवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत चक्र वर राहील अशी चौकोनी घडी.

खेळण्यांच्या दुकानात २५ च्या संध्याकाळपासून छोटे झेंडे विकायला येतात. प्लास्टिकचे विकायचे नाहीत हे पावतीच्या मागे शिक्का मारूनच द्यावं. कागदी झेंडे पोरांच्या हातून पाळण्याजवळ, भेंडबत्ताशांच्या दुकानापुढे पडतात आणि तुडवले जातात. मैदान झाडायच्या आधी शाळेतल्या मोठ्या मुलांना पिशव्या देऊन फक्त झेंडे वेचायला लावायचे, खराटा त्यानंतर. वेचलेले झेंडे घंटागाडीत न टाकता वेगळे ठेवून तसेच खाजगीत जाळायचे.

हिशोब पुढच्या रविवारी चावडीत. वर्गणी उंबऱ्यामागे घेतलेली असते, जागाभाडं पावतीने. देवीच्या पेटीतले पैसे तिसरे. हे तिन्ही वेगळे वाचायचे. झेंडा, फक्की, जिलेबी यांचा खर्च यात्रेच्या वहीत दाखवू नये, तो शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा आहे. दोन्ही एकत्र आले की ऑडिटला ग्रामसेवक आणि चावडीत खजिनदार, दोघांनाही उत्तर देता येत नाही. हलवायाला दिलेली सूट मात्र दोन्हीकडे लिहावी लागते. भाड्याची भांडी परत करताना पळ्या मोजून घ्याव्यात. काहिली कधी हरवत नाही, पळ्या हरवतात, आणि त्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.